काठाचा संप

५ मार्च

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

तुझ्या संग्रहालयातल्या टोपल्यांच्या प्रदर्शनाच्या फलकाचा फोटो पोचला. माझं एकट्याचं नाव इतकं ठसठशीत, की मीच आधी ओळखलं नाही. तुझ्या काकूने मात्र चष्मा पुसून दोनदा वाचलं, हातातली टोपली खाली ठेवली आणि संप पुकारला. तुला ठाऊकच आहे, आपल्या घरी वेताची टोपली मी विणतो आणि काठ ती बांधते. आता माझ्या टोपल्या न विंचरलेल्या डोक्यांसारख्या ओळीने बसल्या आहेत. काल एक काठ मी स्वतः बांधला. तिने त्यात बटाटे भरले, टोपली उचलली, आणि बटाटे घरभर धावले. ती नुसती हसली. बोलली असती तर परवडलं असतं. प्रदर्शन तोंडावर आलंय, तूच काहीतरी कर.

तुझा फलकावरचा काका

९ मार्च

ति. सौ. काकूस,
सा. न. वि. वि.

तुझ्या मांडीला टेकून तुला काठ बांधताना बघत मी मोठी झाले, आणि फलक लिहिताना नेमकी तूच गळलीस. जास्त शिकलं की असं होतं. आमचे साहेब म्हणतात, काठाशिवायच मांडू, आधुनिक दिसेल. मी म्हटलं, बैठक नसलेली खुर्चीही आधुनिक दिसते, बसून बघा. नवा फलक लावलाय, त्यावर तुझं नाव आधी. आता राग सोड आणि काठ बांध. नाहीतर लोकांना वाटेल, आपल्याकडची टोपली अशी उसवलेलीच असते.

लोभात कपात करू नकोस.
तुझी चिंगी

१४ मार्च

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

फलक छान आहे, पण फलक काठ बांधत नाही. राग तर यांना बटाटे गोळा करताना पाहिलं तेव्हाच उतरला. मग धसका बसला. माझा हात थांबला, तर घरात काय, अख्ख्या गावात कुणालाच हा काठ येत नाही! म्हणून संप चालू ठेवून शिकवणी काढलीय. पहिले विद्यार्थी तुझे काका. बोलणी खातात, उसवतात, पुन्हा बसतात. काल त्यांचा काठ टिकला, तर टोपली घेऊन आळीभर मिरवून आले, जणू नातू झालाय.

बाकीच्या टोपल्या तशाच घेऊन येतोय. मी तिथे सतरंजीवर बसेन आणि येईल त्याच्या हातात वेत देईन. तुझ्या साहेबांना सांग, फीत कापायची नाही. पहिला काठ त्यांनी बांधायचा, आणि तो नीट बसेपर्यंत भाषण नाही.

माया आहेच, उरलेली भेटीत घे.
तुझी काकू