चौदा वर्षांची जोडी

९ फेब्रुवारी १९८६, रविवार
टॉकीजला मॅटिनी पाहिली. सुरुवातीलाच पडद्यावर पाटी, 'सत्यघटनेवर आधारित'. दोन मित्रांची गोष्ट. जोडी हिट आहे, पण आमच्यापुढे काहीच नाही. आम्ही म्हणजे मी आणि शिवा. शिमग्यात गावच्या नमनाच्या खेळात तो पेंद्या, मी लुगडं नेसून मावशी. गवळणीत उभे राहिलो की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. चौदा वर्षांची जोडी! आमच्यावर पिक्चर निघायचा नाही तर कुणावर? आजपासून स्टोरी लिहायची. रोज पाच पानं.

१० फेब्रुवारी
नाव ठरलं. 'मावशी आणि पेंद्या'. खाली 'सत्यघटनेवर आधारित'. आज एवढंच. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत दिवसभर माईकवर गाड्या पुकारायच्या, वर लिहायचं कधी?

१६ फेब्रुवारी, रविवार
शिवाला मुंबईला पत्र टाकलं. हे चौथं. आधीच्या तिन्हींना उत्तर नाही. ओव्हरटाइम असणार. लिहिलं की शिमग्याला येताना रत्नागिरीत उतर, स्टोरी वाचून दाखवतो, मग बरोबरच गावी जाऊ. यंदा तरी गवळणीत दोघं उभे राहू. पिक्चरमध्येही शिवाचं काम शिवानेच करायचं, माझं मी. बाहेरचे नट नकोत.

२ मार्च
स्टोरी दीड पान. निर्माता अजून मिळालेला नाही, पण ती किरकोळ बाब. मावशीचा आवाज बारीक लागायला हवा म्हणून चहा बंद.

३ मार्च
चहा चालू. सर्दी झाली.

२२ मार्च, शनिवार. सकाळी ६
चाकरमानी लोटलेत. मुंबईची गाडी लागली की खिडकी सोडून धावतो. कंट्रोलरसाहेबांनी विचारलं, पाहुणा यायचाय का? म्हटलं, पार्टनर.

संध्याकाळी ७
नाही आला. साहेब म्हणाले, लांज्याकडचा माणूस हायवेवर लांज्यालाच उतरणार, वाट वाकडी करून इथे कशाला येईल? हे मला सांगतात! रोज गाड्या मीच पुकारतो. बाकीचे उतरतील लांज्याला. शिवा मला भेटल्याशिवाय पुढे जायचा नाही.

२५ मार्च, होळी
रजा टाकून गावी आलो. थेट शिवाच्या घरी. त्याची आई, गोदाकाकी, म्हणाली, "शिवा शुक्रवारीच आलाय. लांज्यास उतरला. तू कवा आलास?" शिवाने मिठी मारली. पत्रं पोचली म्हणाला, वाचायची राहिली. घाईत असतो बिचारा. बरोबर रघू म्हणून एकजण आहे, देवरूखचा, मुंबईत त्याच्याच खोलीवर राहतो. काकी म्हणाली, रघू गातो झकास. गात असेल.

२८ मार्च, शुक्रवार
काल नमन झालं. मावशी रघूने केली. मुंबईच्या मंडळात दोघं सात वर्षं ही कामं करतात म्हणे. शिवा मला म्हणाला, "लवू, तू माईकवर नावं पुकार. तुझा आवाज सगळ्या जिल्ह्यास म्हाईत हाय." जबाबदारीचं काम. चोख पुकारली. पेंद्या शिवा, मावशी रघू. बायका हसल्या. रघूचा ठसका चांगला आहे, खोटं कशाला बोलू? मला मात्र फार वाईट वाटलं.
नंतर शिवाच्या हातात स्टोरी दिली. पहिल्याच ओळीला थांबला. "चौदा वर्सा कंची रं, लवू?" मुंबईत राहून माणूस विसरतो.

३० मार्च, रविवार. रत्नागिरी
सत्यघटना म्हटली की तपशील पक्का हवा. शिवाला लिहून पाठवावं म्हणून एकेक वर्ष मांडायला बसलो. बहात्तरचा शिमगा. त्र्याहत्तर. चौऱ्याहत्तर. पंचाहत्तरच्या शिमग्याआधीच शिवा मुंबईला गेला. पुढची अकरा वर्षं जोडीत मी एकटाच होतो.