पुढची चाकं ओढतात

शहापूर, ६ जुलै २०२५

चि. अंजूस,

नवसूदादाचा आशीर्वाद. वि. वि. परवा फोनवर आपलं भांडण झालं नि तू मधेच फोन ठेवलास, म्हणून कागदावर लिहितो.

ती टर्बोची काळी सेडान घेऊ नको, असं मी म्हणत नाय. पण कसारा घाटात पंधरा वर्षं क्रेन चालवतोय, दरीत गेलेल्या गाड्या मीच वर काढतो, तेव्हा ऐक. या गाडीत जी चाकं वळतात, तीच ओढतात. इंजिनात जोर कमी असला तर काय कळत नाय. जोर भरपूर नि तू खाडकन अ‍ॅक्सिलरेटर दाबलास, तर स्टेअरिंग एका बाजूला हिसका मारतं. ओल्या वळणावर वेगात शिरून आणखी दाबलंस, तर कितीही वळव, गाडीचं नाक सरळच जातं. घाबरून पाय एकदम काढलास तर मागची बाजू फिरते. चढावर थांबून निघताना पुढची चाकं जागीच गरगरतात.

गुळगुळीत हायवेवर चालवून हो म्हणू नको. खराब रस्त्यावर ने, पावसात ने. पुढचे दोन्ही टायर सारखेच झिजलेत का बघ.

जपून राहा, घरी सर्वांना विचारलंय म्हणून सांग.

तुझा,
नवसूदादा

मुरबाड, १० जुलै २०२५

ती. नवसूदादास,

अंजूचा नमस्कार. वि. वि. पत्र पोचलं. अक्षर अजून दुसरीतलंच आहे तुझं, वाचायला दोन चहा लागले.

दादा, मला सकाळी सातला कल्याणला ड्युटीवर हजर व्हायचं असतं. माझी जुनी गाडी डंपरला ओलांडताना धापा टाकते, तेव्हा जीव मुठीत असतो माझा. शिवाय चौतीस वर्षांत पहिल्यांदा एखादी वस्तू मला आवडली म्हणून घेतेय. गाडी दाखवणारा दलाल म्हणतो, दमदार गाडी थोडी ओढ घेणारच, सवय होते.

सरूवहिनीचा फोन आला होता. माझ्या गाडीचा विषय निघाला की तू ताटावरून उठतोस म्हणे. नुसत्या टायरसाठी माणूस जेवण सोडत नाही. काय झालंय ते लिही.

रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
अंजू

शहापूर, १५ जुलै २०२५

चि. अंजूस,

आशीर्वाद. वि. वि. तीनदा लिहून फाडलं, हे चौथं.

दामू तुला आठवतो, माझ्याबरोबर क्रेनवर होता. दोन वर्षांमागे उन्हाळ्यात त्यानं अशीच गाडी बघितली. मला म्हणाला, नवश्या, तू सांगशील तर घेतो. मी ती आसनगावपर्यंत नेली. कोरडा, सरळ रस्ता. स्टेअरिंग हिसके देत होतं, मला मजा वाटली. बिनधास्त घे म्हणालो. अडीच महिन्यांनी भर पावसात घाटाच्या वळणावर ती वळलीच नाय. त्याला वर काढायला मीच गेलो, जीव उरला नव्हता.

वळणावर चाकं घासल्याच्या खुणा मी पाहिल्या, म्हणजे ब्रेक लागले होते, शाबूत होते. पण त्याच्या बायकोला, मालूवहिनीला वाटतं ब्रेक गेले. ते आदल्याच आठवड्यात गॅरेजवाल्या सुदामनं बदलले होते. ती दोन वर्षं त्याचं तोंड बघत नाय, तिच्या पाड्यावरचं कुणी त्याच्याकडं गाडी नेत नाय. मी गप्प राहिलो.

आता तुझी गाडी. माझं मन कुठंच थाऱ्यावर नाय बघ.

तुझा,
नवसूदादा

मुरबाड, २२ जुलै २०२५

ती. दादास,

नमस्कार. वि. वि. काल दलालाला शेजारी बसवून सरळगावहून किन्हवलीकडे गेले. पाऊस चालूच होता. पहिल्यांदा दाबलं तेव्हा अंगावर काटा आला, इतकी सुंदर पळते रे. मग ओहोळाच्या पुलाआधीच्या वळणावर भान राहिलं नाही. मी वळवतेय नि गाडी सरळ भाताच्या खाचराकडे! दलाल देवांची नावं घेऊ लागला. तुझं पत्र आठवलं म्हणून पाय झटकन काढला नाही, हळूहळू सोडला. स्टेअरिंग जरा सैल केलं, तशी चाकांनी पकड घेतली. बांधाच्या हातभर अलीकडे थांबले.

मग त्याच वळणावरून हळू, दोनदा पुन्हा नेली. सावध माणसाला ती नीट जाते. पण बारा तासांच्या ड्युटीनंतर मी सावध नसते, दादा. म्हणून घेतली नाही. कमी जोराची बघतेय. वाईट वाटलं, थोडं रडलेही.

दामूदादाच्या वेळी तुला हे माहीत नव्हतं. सुदामचं मात्र तुला माहीत आहे. मालूवहिनीकडे जा. मी येऊ का बरोबर?

तुझी,
अंजू

शहापूर, २९ जुलै २०२५

चि. अंजूस,

आशीर्वाद. वि. वि. तुला न बोलावता एकटाच गेलो. तू असतीस तर बोलायचं काम तुझ्यावर टाकलं असतं.

मालूवहिनी तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं: गाडी मी चालवून बघितली, घे म्हणून मी सांगितलं, ब्रेक चांगले होते. तिचा हात थांबला. किती दिवस माहीत होतं, एवढंच तिनं विचारलं. पहिल्या दिवसापासून, मी म्हणालो. तिनं सूप बाजूला ठेवलं, चपला घातल्या नि निघाली. मला ये म्हणाली नाय. मी दहा पावलं मागून गेलो.

सुदाम गाडीखाली होता. ती दारात उभी राहिली, तो बाहेर येईपर्यंत थांबली. मग सगळ्यांदेखत त्याला म्हणाली, दादा, माझं चुकलं. सुदाम हात पुसतच राहिला.

माझ्याशी ती अजून बोललेली नाय. रोज तिच्या दारावरून जातो, मान खाली घालत नाय.

असशील तशी ये. वाट बघतो.

तुझा,
नवसूदादा