पाचवा प्रकार

५ जून, सोमवार

— चादरी वाळत घालत होते. हिवाळ्यातल्या सकाळचे नऊ, गवतावर दव गोठलेलं, तोंडात दोन चिमटे. ओटच्या लापशीचं पातेलं भिजत पडलेलं, शेगडीतली राख काढायची राहिलेली. ऑल्विन पायजम्यातच कागद घेऊन बाहेर आला, काहीतरी विचारलं, मी काहीतरी म्हणाले, तो आत गेला. बत्तीस वर्षं झाली त्याला.

आज आठवलं ते टेविटाच्या फोनमुळे. ऑल्विनचा शेवटचा विद्यार्थी. टोंगा बेटांवरचा, मला मावशी म्हणतो. ऑल्विनचं प्रमेय तो एकेक पायरी करून कॉम्प्युटरकडून तपासून घेतोय. "हे उघडच आहे" म्हटलं की माणूस मान डोलावतो, यंत्र डोलावत नाही. एका जागी अडलंय. महिनाअखेरपर्यंत सुटलं नाही तर सिद्ध झालेल्यांच्या यादीतून प्रमेयाचं नाव निघेल आणि खालच्या यादीत जाईल — "हॅडोचा दावा".

दावा! नवरा जाऊन तीन वर्षं झाली, आणि आता हे.

७ जून

टेविटा येऊन दाखवून गेला. चार लॅमिंग्टन केक खाल्ले. सिद्धतेत पाच प्रकार. यंत्राने मानलेले चार पडद्यावर हिरवे झालेत, अडलेला पाचवा पिवळा. ऑल्विनच्या लेखात पाचव्यापुढे एवढंच: "तिसऱ्यासारखंच."

सगळेच असं लिहितात, म्हणाला, सर तर असं कमीच लिहायचे. समजूत घालत होता. मला नको होती.

८ जून

लिहून ठेवते, म्हणजे डोकं जागेवर राहील. सिद्धतेत आडवाटा असतात — आधी एक मोठं विधान उभं करायचं, मग लगेच ते मोडून पुढे जायचं. ऑल्विनने दाखवलं की त्याच्या नियमांत प्रत्येक आडवाट काढून टाकता येते. एक काढली की सिद्धता लहान होते. असं करत करत आडवाटा संपतात.

पाचव्या प्रकारात एकच गृहीत दोनदा वापरलेलं असतं. आडवाट काढायला जावं तर त्याच्या खालचं सगळं दोनदा लिहावं लागतं. सिद्धता वाढते! मग आडवाटा संपणार कशा? तिसऱ्यासारखं मुळीच नाही.

पंधराव्या वर्षी माझी शाळा सुटली. हे सगळं त्याची हस्तलिखितं टाइप करता करता शिकले, त्याच्याच फळीवरची पुस्तकं वाचून. आणि मला हे कळतं.

११ जून

नाही. काही सुचत नाही.

१५ जून, गुरुवार

ऑल्विनच्या जुन्या विभागात व्याख्यानानंतरच्या चहाला गेले. नवा प्राध्यापक रॅडली म्हणाला, "म्हाताऱ्याची आयुष्यात एक चूक, आमची रोज एक." सगळे हसले, प्रेमानेच. मीही हसले. मग गाडीत बराच वेळ चावी न फिरवता बसून राहिले.

१९ जून

खरं लिहून टाकते. त्या सकाळी त्याने विचारलं होतं, "मर्ल, पाचवा तिसऱ्यासारखाच ना? की मांडू सगळा?" सगळा मांडायचा म्हणजे मला आणखी चार पानं टाइप करायची. मनगट दुखत होतं, चादरी जड होत्या. चिमट्यांमधूनच म्हणाले, "तसाच आहे."

त्याने विश्वास ठेवला. विभागात कोणाला विचारायच्या आधी तो मला विचारायचा. याचा अभिमान तेव्हाही होता. आज तोच टोचतो.

२२ जून

मोठी चादर एकटीने घडी करणं अजून जमत नाही. दुसरं टोक धरायला कोणी नाही. हनुवटीखाली धरून दुमडली. थर दोनाचे चार झाले, चाराचे आठ. चादर मात्र अर्धी, मग पाव.

तशीच उभी राहिले. थर मोजायचेच नाहीत!

आडवाटा किती झाल्या ते सोडून द्यायचं. आडवाट ज्या विधानावरून जाते ते केवढं आहे, ते मोजायचं. प्रती होईनात का दोन, दोनशे — नव्या आडवाटा दर वेळी लहान विधानावरून जातात. लहान होऊन होऊन किती होणार?

२४ जून

एक भोक राहिलं होतं. प्रत काढताना जुन्या मोठ्या आडवाटांच्याही प्रती होतात. आज बुजवलं — कोणती आधी काढायची, त्याचा क्रम ठरवला. सात पानं झाली. टेविटाला पाठवली.

२७ जून

हिरवं!

टेविटाने टोपी काढली. मग म्हणाला, "मावशी, हे सरांनाही आवडलं असतं." ऑल्विन चष्मा काढून फक्त "बरं" म्हणाला असता. वर्षातून दोनदा म्हणायचा.

टेविटाने यादीसाठी टिपणही करून आणलं: "प्रा. हॅडो यांच्या हातून राहिलेली त्रुटी श्रीमती हॅडो यांनी दूर केली." छापलेल्या अक्षरांत माझं नाव! फ्रिजवर लावलंय. पाणी प्यायला म्हणून चार वेळा जाऊन वाचून आले.

२८ जून

सकाळी चादरी वाळत घातल्या. मग टेविटाला फोन करून ते वाक्य काढायला लावलं. त्या जागी घाल म्हणाले: "तिसऱ्यासारखंच, हे मर्ल हॅडोने सांगितलं होतं. पाचव्या प्रकाराची सिद्धताही तिचीच."