हाडवैद्याचा खांदा

रा. रा. मेहुणेबुवा यांस सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र येऊन पडलं त्याला बरेच दिवस झाले. उत्तराला इतका उशीर केला याची आधीच माफी मागून ठेवतो, कारण पुढे या पत्रात माफी मागण्याजोगं इतकं काही येणार आहे की ही पहिली त्यात हरवून जाईल. वहिनींचा डावा गुडघा कसा आहे? थोरल्याचं मनगट पुन्हा सुजलं का? धाकट्या सूनबाईंची मान आता वळते ना? (माणसांची चौकशी सांध्यांवरून करायची सवय लागली आहे, राग मानू नका. तुमची बहीण म्हणते की मला माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, पण कंबर राहते.) इकडे लेकीच्या घरी आम्ही सगळे सुखरूप आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

तुम्ही लिहिलंत की उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, रंगाचा ब्रश धरला की छतच खाली यावं असं वाटतं, आणि 'आमचे भाऊजी परत आले की दोन दाबांत मोकळा करतील' असं घरमालकाला सांगून तुम्ही छताचं काम थांबवून ठेवलं आहे. तेव्हा भाऊजींनी लेकीकडचा मुक्काम कधी हलणार तेवढं कळवावं. हे वाचून मी पत्राची घडी घातली आणि उशीखाली ठेवलं. रोज काढून वाचायचं, रोज परत ठेवायचं. फोन करावा तर तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर खोटं बोलता येत नाही. पत्रात ते बरं पडतं, सावकाश जुळवता येतं. तशी एकदोन पत्रं मी जुळवलीही होती. एकात लेकीच्या घराची भिंत ओलावली होती आणि मी गवंड्यावर लक्ष ठेवून होतो, दुसऱ्यात जावई अंथरुणाला खिळले होते. दोन्ही तुमच्या बहिणीच्या हाती लागली आणि तिने फाडली. धडधाकट जावयाला मी आजारी पाडलं याचा तिला फार राग आला. म्हणून आता खरं तेच लिहितो. मी इकडे पाहुणा म्हणून आलेलो नाही. माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आहे. माझ्याच खांद्याचं, आणि हॉस्पिटलातच.

आता तुम्ही पत्र खाली ठेवून हसून घ्या, मी थांबतो. ज्या माणसाने जन्मभर तेलाची बाटली घेऊन लोकांचे सांधे बसवले, ज्याच्या दुकानाच्या पाटीवर 'कापाकापीशिवाय' हा शब्द तुम्ही स्वतः लाल रंगात रंगवून दिलात, तो माणूस गुपचूप परगावी येऊन खांद्याला भोकं पाडून घेतो, यावर मीही हसलो असतो. पण हसताना खांद्याला झटका बसतो आणि झटक्याला अजून मनाई आहे.

झालं ते असं. आपला बेकरीवाला मान अवघडली म्हणून आला होता. त्याची मान तुम्ही पाहिली असेलच. नाही, पाहिली नसेल, कारण ती दिसतच नाही, डोकं थेट खांद्यांवर ठेवून दिल्यासारखं आहे. मी त्याच्या हनुवटीखाली हात घातला आणि नेहमीचा झटका दिला, तर 'कट्' असा मोठा आवाज झाला. बेकरीवाला उठून बसला, मान दोन्ही बाजूंना फिरवून पाहिली आणि म्हणाला, "वा भाऊ, काय सुटली." आवाज माझ्या खांद्यातून आला होता. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण त्याला मी काही कळू दिलं नाही. डाव्या हाताने बाटलीचं बूच लावलं आणि थंड पाणी पिऊ नका असं काहीतरी सांगून त्याला वाटेला लावला. त्या गृहस्थाने पाव घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या आवाजाचं वर्णन ऐकवलं. मग माझ्याकडे जी रीघ लागली तशी आयुष्यात कधी लागली नव्हती. जो तो पाट ओढून बसे आणि म्हणे, मलाही तसा आवाज काढून द्या. आणि मी द्यायचा प्रयत्न करत होतो, मेहुणेबुवा. हेच मला आता राहून राहून लागतं. दुखत असताना दुकान बंद ठेवायची बुद्धी झाली नाही.

स्वतःचा खांदा स्वतःला दाबता येत नाही ही गोष्ट इतक्या वर्षांत कधी ध्यानात आली नव्हती. तुमच्या बहिणीला शिकवायला बसलो. अंगठा इथे रोव, कोपर सरळ ठेव, वजन हळूहळू टाक. तिने वजन टाकलं. (हळूहळू नाही. लग्न झाल्यापासूनचं सगळं एकदम टाकलं असावं.) मग दाराच्या कडीला टॉवेल बांधून हात ओढून पाहिला, तर कडी निघून आली. शेवटी सदऱ्याच्या बाहीत हात जाईना आणि मी खांद्यावर सदरा पांघरून गिऱ्हाइकांपुढे बसू लागलो, तेव्हा लेक येऊन मला घेऊन गेली. शेजाऱ्यांना सांगितलं की लेकीला करमत नाही. तुम्हालाही तेच सांगितलं.

डॉक्टर वयाने आपल्या पोरांएवढा. काय काम करता, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तेलाचा धंदा आहे. तुमची बहीण मागून म्हणाली, "लोकांची हाडं बसवतात." डॉक्टरने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घालून लिहायला लागला. हसला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मग त्याने काचेवर फोटो लावून दाखवला. मला त्यात धुरकट ढगांशिवाय काही दिसेना, पण तो म्हणाला की हा स्नायू हाडापासून तुटलाय, आणि ताणलेलं रबर तुटलं की कसं मागे सरकतं तसा मागे गेलाय. जितका उशीर तितका तो आक्रसतो, वाळतो, मग ओढून शिवायला गेलं तरी पुरत नाही. मी विचारलं, मागून दाबत आणला तर पुढे येणार नाही का? तो नाही म्हणाला. फार सभ्यपणे म्हणाला.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. त्यानंतरचं मात्र सगळं आठवतं. हात पोटाशी बांधून मध्ये उशी घातलेली, त्यामुळे मी दारातून आडवा जात असे. झोपायचं बसून. कूस बदलायची नाही, काही उचलायचं नाही, अंग टेकून उठायचं नाही. जो भेटेल तो म्हणे, धीर धरा. धीर धरायला तरी दोन हात लागतातच. आणि सगळ्यांत कठीण म्हणजे पायजम्याची नाडी. लेकीला सांगवत नाही, आणि तुमची बहीण अशी काही निरगाठ मारते की ती सोडवायला कात्री लागते. शेवटी हे काम जावयांकडे गेलं. ते बिचारे इतके शिस्तीचे, की रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी बूट घालून, टाय लावून माझ्यापुढे गुडघे टेकत आणि खाली बघत विचारत, "बाबा, घट्ट हवी की सैल?" लग्नात मी यांच्याशी किती तोऱ्यात वागलो होतो ते तुम्ही पाहिलंच होतं. आता वाटतं, जरा गोड बोलायला हवं होतं.

हात सोडल्यावर व्यायामाच्या खोलीत पाठवलं. तिथली बाई मला आजोबा म्हणते. काम काय, तर ओणवं होऊन हात लोंबत सोडायचा आणि घंटेच्या लोलकासारखा हलू द्यायचा, नाहीतर भिंतीवर बोटं चालवत न्यायची, कप्पीवरची दोरी ओढायची. सगळं इतकं सावकाश की मला वाटलं, ही बाई माझ्या दुकानात असती तर एका गिऱ्हाइकात दिवस मावळला असता. शेजारी एक म्हातारा भिंतीकडे तोंड करून बोटं चालवत होता. मला राहवेना. मी त्याला पाठीमागून म्हटलं, असं कुरवाळून काय होतंय, जरा नेट लावा. तो वळला. आपल्या गल्लीच्या टोकाचा शिंपी.

 हा शिंपी वर्षानुवर्षं माझ्याकडे खांदा दाबून घ्यायला येत होता, आणि मुलाकडे राहायला जातो म्हणून सांगून गेला होता.

"तुम्ही इथे कसे?" मी विचारलं.

"मुलाला भेटायला. आणि तुम्ही?"

"लेकीला."

"लेकीला भेटायला कप्पी लागते होय?"

मग आम्ही शेजारी शेजारी बसून दोऱ्या ओढल्या. तो चिडलेला नव्हता, हेच मला जास्त लागलं. तुमच्या हाताने बरं वाटायचं, भाऊ, असं म्हणाला. थोडा वेळ दोरी ओढली आणि म्हणाला, "वाटायचं म्हणून तर इथे यायला एवढा उशीर झाला." त्याचा स्नायू शिवताना पुरला नाही. मुलाकडे शिवणयंत्र मांडलंय, त्यावर काम जमतं, पण हात वर जात नाही, त्यामुळे उंच गिऱ्हाईक आलं की माप घ्यायला त्याला स्टुलावर बसवावं लागतं. हे त्याने हसत सांगितलं. मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

पण शिंप्याची गोष्ट निराळी, त्याचं वय झालं आहे. तुमचा खांदा नुसता कामाने आखडला असणार. मी लौकरच परत येऊन दुकान उघडेन, तेव्हा बघू. तोवर गरम कपड्याने शेकत राहा आणि छताचं काम थांबवून ठेवा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
भाऊजी

ता. क. बेकरीवाला भेटला तर मी लेकीकडे मजेत आहे एवढंच सांगा.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं ते परत फोडलं आहे. तुमची बहीण म्हणाली, दादाला काय लिहिलंत ते वाचून दाखवा. दाखवलं. ती माझ्यापुढचा चहाचा कप अर्धा असतानाच उचलून आत घेऊन गेली. तेव्हा वरच्या शेवटच्या परिच्छेदावर काट मारली आहे असं समजा. तुमचा खांदा मी पाहिलेला नाही, तो नुसता आखडलाय हे मला काय ठाऊक. शेकू नका. कोणाला दाबू देऊ नका. परत येऊन दुकान उघडेन हेही खोटं आहे. परवा डॉक्टरने हात वर न्यायला सांगितला, तो खांद्याच्या रेषेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. याच्या वर फारसा जाणार नाही आणि जोर तर कधीच लावायचा नाही, असं तो म्हणाला. म्हणजे तुम्ही ज्या हातासाठी काम थांबवून बसला आहात तो हात आता राहिलेला नाही, मेहुणेबुवा. मग वाट कोणाची बघता?

तुमचं मी डॉक्टरला विचारलं. ओळखीचे एक रंगारी आहेत, त्यांचा हात वर जात नाही, असं सांगितलं. तुमच्याकडे दाबून घ्यायला येतात का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, अजून नाही, माझी वाट बघतायत. तो म्हणाला, मग लगेच बोलवा, स्नायू तुटून फार मागे गेला नसेल तर पुरता शिवता येईल. तेव्हा मिळेल त्या गाडीने निघा. लेकीने तुमच्यासाठी आतली खोली रिकामी केली आहे. मी सोबत येईन, आत नेईपर्यंत बसेन आणि बाहेर काढेपर्यंतही बसेन. फक्त इथे आल्यावर, भाऊजी, आधी एकदा तुम्ही दाबून बघा, असं मला म्हणू नका. तुम्ही म्हणालात तर मला नाही म्हणता यायचं नाही.

कधी निघता ते उलट टपाली कळवा. उजव्या हाताला विश्रांती देऊन डाव्याने दोन वाकड्या ओळी लिहिल्यात तरी चालतील, मी लावून घेईन. पण लिहा.