हुकाखालचा माणूस

४ मार्च

प्रिय ताईस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईचा गुडघा आता बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. माझं मात्र चित्त थाऱ्यावर नाही, म्हणून तुला लिहायला बसलोय.

माझी क्रेन काढून घेतलीय. घाबरू नकोस, कुणाला इजा झालेली नाही. झालं ते इतकं वेडगळ आहे की लिहिताना लाज वाटते. मी वर छपराखालच्या केबिनमध्ये बसतो, खाली हुकवाला पोलादी पत्र्यांना साखळ्या अडकवतो, हात वर करतो आणि मग मी वजन उचलतो, हे तुला माहीतच आहे. माझ्या हुकवाल्याला सगळे पैलवान म्हणतात, कारण तो खराट्याच्या काडीसारखा आहे. बिचारा दिवसभर माझ्या हुकाखाली वावरतो.

आता खरी गोष्ट सांगतो. कॅन्टीनमध्ये जेवणाआधी मी प्रार्थना करतो, पण कुणाला कळू देत नाही. नवा होतो तेव्हा तिथे एक जण हात जोडून डोळे मिटायचा. पोरांनी त्याला पाद्रीबुवा करून टाकलं होतं, त्याने घास घेतला की मागून आमेन म्हणायचे. ते पाहून मी माझी युक्ती काढली. कोपर टेबलावर ठेवायचं, कपाळ तळव्यात धरायचं, डोळे मिटायचे. लोकांना वाटावं, माणूस दमलाय. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं.

गेल्या आठवड्यात फोरमनने बोलावलं. म्हणाला, पैलवान सांगत होता की तू रोज जेवायच्या वेळी डोकं धरून बसतोस, तुला चक्कर येते का. ताई, दोन शब्दांत सांगता आलं असतं. पण दारात आणखी दोघं उभे होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की हो, कधी कधी भोवळ आल्यासारखं होतं. झालं. भोवळ येणाऱ्या माणसाला क्रेनवर कोण बसवेल? आता मी खाली पत्रे पुसतोय आणि डॉक्टरच्या तपासणीची वाट बघतोय.

आईला यातलं काही वाचून दाखवू नकोस. वरच्या मजल्यावरच्या आत्याला सलाम सांग असं लिहिणार होतो, पण तुमचं अजून बोलणं सुरू झालं नसेल, तेव्हा राहू दे. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
टिल्लू


११ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मी लाँड्रीत रफू करता करता वाचलं आणि गिऱ्हाइकाच्या कोटाऐवजी स्वतःच्या बोटात सुई घातली. अरे शहाण्या, भोवळ? तुला दुसरं काही सुचलं नाही? लहानपणी फुलदाणी फोडलीस तेव्हा मांजर आलं होतं म्हणालास, आणि आपल्या घरात मांजर नव्हतं. तुझं खोटं नेहमी तुझ्याच पायात येतं.

बाबांची आठवण आली. त्यांच्या जेवणाच्या प्रार्थनेत तीनच वाक्यं असायची. अन्नासाठी उपकार, रांधणाऱ्या हातांना आशीर्वाद, आणि सोबत काम करणाऱ्यांना सांभाळ. पण तिसऱ्या वाक्यात ते आपल्या छापखान्यातल्या एकेकाला घ्यायचे, अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यापासून गेटवरच्या रखवालदारापर्यंत. जेवण गार व्हायचं आणि आई खोकायची. ती खोकली की रखवालदार उरकायचा. हे सगळं ते चारचौघांत, छापखान्याच्या बाकावर बसूनही करायचे. त्यांना कुणी हसलं नसेल असं नाही.

उद्याच्या उद्या फोरमनकडे जा आणि खरं काय ते सांग. मला राग येतोय. आईला तुझं पत्र वाचून दाखवताना मधली पानं गाळली, तर ती म्हणाली, पोराने यावेळी फारच थोडक्यात आटोपलं. तिच्याकडे मला बघवेना.

जपून राहा आणि खरं बोलून मला कळव.

तुझी,
ताई


१९ मार्च

प्रिय ताईस,
सलाम, वि. वि.

अजून सांगितलेलं नाही. रोज फोरमनच्या खोलीपर्यंत जातो, कधी आत कुणी असतं, कधी नसतं, आणि नसतं तेव्हा जास्त भीती वाटते. मग पाण्याच्या नळाकडे वळतो. इतकं पाणी प्यायलोय की लोकांना आता मला साखरेचा आजार आहे असंही वाटायला लागेल.

सगळे माझ्याशी फार चांगलं वागतात, हेच सोसवत नाही. पैलवान मला जड काही उचलू देत नाही. जिना चढताना मागे मागे येतो, मी पडलोच तर झेलायला. त्याच्या अंगावर मी पडलो तर त्याचा चेंदामेंदा होईल. त्याने माझी तक्रार केली म्हणून आधी मला त्याचा राग आला होता. आता तोच म्हणतो, तुझं वाईट व्हावं म्हणून नाही रे बोललो. मी मान डोलावतो आणि दुसरीकडे बघतो. कपाळ धरून प्रार्थना करायचीही चोरी झालीय. डोकं खाली गेलं की चार जण पाणी घेऊन धावतात. तेव्हा प्रार्थना न करताच जेवतो.

आणि ताई, तू बाबांचं उदाहरण देतेस ते बरोबरच आहे. पण आत्याच्या मोरीचं पाणी तुझ्या छतातून गळलं, एका कोटावर डाग पडला, तुम्ही दोघी एकमेकींना नको ते बोललात, आणि तेव्हापासून तू तिचं तोंड पाहत नाहीस. चर्चमध्ये प्रभुभोजनाला मात्र तुम्ही एकाच बाकावर बसता, मधे आईला बसवून. मला फोरमनच्या खोलीत जायला सांगणं सोपं आहे. तुला तर नुसता एक जिना चढायचाय.

रागावली असशील. रागाव, पण पत्र पाठव.

टिल्लू


२६ मार्च

टिल्लूस,
आशीर्वाद.

रागावले. तुझं पत्र फाडणार होते. मग आत्या त्यात किती चुकली याची मनातल्या मनात यादी करत दोन दिवस काढले, आणि एका बाहीला उलट्या बाजूने रफू केलं. मालकीणबाईंनी विचारलं, घरी काही झालंय का. मी नाही म्हटलं. बघ, मीही तुझीच बहीण.

रफू उसवताना सुचलं की आत्याचं म्हातारपण आहे, मोरी तिने मुद्दाम गळवली नव्हती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी जिना अजून चढलेले नाही. चपला घालते आणि काढते.

आईला सगळं कळलंय. माझ्या पिशवीतून तुझं पत्र काढून तिने भिंग लावून वाचलं. रडेल, चिडेल असं वाटलं होतं. तिने पेन मागितलं. पुढचं अक्षर तिचं आहे.

बाळा, प्रार्थना लपवलीस, ते तुझं आणि देवाचं. देव कपाळावरच्या हाताखालचंही ऐकतो. पण तो पैलवान दिवसभर तुझ्या हुकाखाली होता आणि वरच्या माणसाला चक्कर येते असं समजत होता. किती दिवस जीव मुठीत धरून उभा राहिला असेल, ते त्याला विचार. त्याला घरी बायकापोरं आहेत का? एवढं कळव. मला झोप लागत नाहीये. आई.


५ एप्रिल

ती. आईस सप्रेम सलाम, आणि ताईस,

आईचं पत्र वाचलं आणि तसाच उठून फोरमनकडे गेलो. दार उघडं होतं, आत तिघं होते, बरंच झालं म्हणायचं. मी सांगितलं की मला चक्कर येत नाही, कधीच आली नाही, मी ख्रिस्ती आहे, जेवणाआधी प्रार्थना करतो आणि ते सांगायची लाज वाटली म्हणून खोटं बोललो.

फोरमनचा विश्वास बसला नाही.

हे मी कितीतरी रात्री मनात घोळवलं होतं, लोक हसतील, टोमणे मारतील, नावं ठेवतील. पण खरं सांगितल्यावर ते कुणाला खरंच वाटणार नाही, हे कधी डोक्यातही आलं नव्हतं. तो म्हणाला, दोन वर्षांत तुझ्या तोंडून देवाचं नाव ऐकलं नाही, इतरांसारख्या शिव्या मात्र ऐकल्या, आणि आता क्रेन जायची वेळ आली तेव्हा बरी प्रार्थना आठवली. त्याचं काय चुकलं? दोन वर्षं मी अशी कुठली साक्ष दिली होती, जिच्याकडे बोट दाखवावं?

डॉक्टरने तपासलं. कान, डोळे, डोकं, सगळं ठणठणीत. पण आमच्याकडे एक रीत आहे. वरच्या माणसावर हुकवाल्याचा भरवसा नसेल, तर तो माणूस वर चढत नाही. मग डॉक्टरचा कागद असला तरी. फोरमनने पैलवानाला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, नाही.

आई, त्याला बायको आहे आणि दोन मुली. मी विचारलं. फोरमनला सांगण्याआधी दोन महिने तो रोज सकाळी धाकटीला उचलून घ्यायचा आणि मगच बाहेर पडायचा, का ते बायकोला न सांगता. हे त्याने मला न रागावता सांगितलं. मी त्याची माफी मागितली. तो बरं म्हणाला आणि कामाला गेला.

आता कॅन्टीनमध्ये हात जोडून डोळे मिटतो. पाद्रीबुवा झालोच आहे. त्याचं काही वाटत नाही. पैलवान समोर बसून टक लावून बघतो, त्याचं वाटतं.

तुमचा,
टिल्लू


१२ एप्रिल

चि. टिल्लूस,
आशीर्वाद, वि. वि.

काल जिना चढले. आत्याने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मोरी दुरुस्त करून घेतलीय एवढंच म्हणाली. मी म्हटलं की मोरीसाठी आले नाही, माझं तोंड सुटलं होतं, त्याची माफी मागायला आले. ती मला आत ये म्हणाली नाही. दारातच उभं ठेवून बराच वेळ माझ्या बाहीचं बटण चाचपत राहिली. ते तुटायला आलं होतं. मग सुईदोरा आणायला आत गेली आणि दार तसंच उघडं राहिलं. रफू करणारीचं बटण तिने लावलं आणि वर टाकाही कच्चा घातला. मी तो तसाच राहू दिला. सगळं निवळलंय असं नाही, पण रविवारी आईला बाकाच्या कडेला बसवू असं ठरलंय.

तू धीर सोडू नकोस. क्रेन मिळाली नाही तरी घरी तोंड दाखवायला ये.

ताई


२१ एप्रिल

प्रिय ताईस, आणि ती. आईस,
सलाम, वि. वि.

काल जेवताना डोळे उघडले तर पैलवान अजून बघत होता, त्याने घासही घेतला नव्हता. त्याने विचारलं, तू आत म्हणतोस तरी काय. मी म्हटलं, बाबांची तीन वाक्यं आहेत. तो म्हणाला, सांग. मी सांगितली. अन्नासाठी उपकार. रांधणाऱ्या हातांना आशीर्वाद. सोबत काम करणाऱ्यांना सांभाळ.

मग त्याने विचारलं, पूर्वी कपाळ धरून बसायचास तेव्हाही हेच म्हणायचास का. मी हो म्हटलं. तिसरं वाक्यही, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. मग तो अगदी हळू म्हणाला, म्हणजे ज्या वेळी मी तुला घाबरून बसायचो, त्याच वेळी तू माझ्यासाठी मागत होतास.

आई, मला तिथेच रडू आलं. दोन वर्षं रोज मी ते वाक्य म्हणत होतो आणि समोर जेवणाऱ्या माणसाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

त्याने डोळे पुसायला वेळ दिला. मग म्हणाला, यापुढे मोठ्याने म्हणत जा, मला ऐकू आलं पाहिजे. कुणी हसलं तर मी आहे. त्याची ती अंगकाठी बघून हसू आलं, पण तो गंभीर होता. तो उठून फोरमनकडे गेला.

आज सकाळी वर चढलो. खाली पैलवानाने साखळ्या अडकवल्या, एकेक ओढून पाहिली, आणि मग वर माझ्याकडे बघत राहिला. खुणेचा हात काही उचलेना. मला वाटलं, त्याचं मन फिरलं. मग कळलं. मी केबिनची खिडकी उघडली आणि बाबांचं तिसरं वाक्य सगळ्या शेडला ऐकू जाईल असं ओरडून म्हटलं. कुणीतरी मागून आमेन म्हणालं, थट्टेने की मनापासून, कळलं नाही.

पैलवानाने हात वर केला.

तुम्हीही प्रार्थनेत त्याला घ्या. पैलवान म्हटलं तरी देवाला समजेल. आणि आई, जेवण गार झालं तर यावेळी खोकू नकोस.

तुमचाच,
टिल्लू