दुसऱ्या उतारावरची झुडपं

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, अविवाहित, मातीतले जीव मोजणारी तंत्रज्ञ, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र करते. गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. काळजीचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणाल्या आणि तीन कागदांवर सह्या घेऊन गेल्या.

१. राहती खोली व बँकेतली शिल्लक आईला. भावाला काही नाही. लोखंडी कपाट त्याने न विचारता नेलं, तोच त्याचा वाटा. शिलाई मशीन वहिनीला. "ताईंचं कपाट परत द्या," असं म्हणणारी ती एकटीच.

२. सूक्ष्मदर्शक भाचीला. भिंग रुमालाने पुसू नये.

३. मोजणीची वही प्रयोगशाळेच्या प्रमुखांना. तिच्यात जे नाही ते इथे नोंदवते. जंगलातल्या दोन जागांची माती मी आणली होती : एकीकडे मोठ्या झाडांखाली झुडपं-वेलींच्या चाळीस जाती, दुसरीकडे सहा. माती चाळणीवर ठेवून वर दिवा लावतात. उष्णतेपासून पळणारे जीव खालच्या बाटलीत पडतात, ते मोजायचे. सहा जातींची माती त्याच दिवशी दिव्याखाली गेली. चाळीस जातींची पिशवी गाडीच्या डिकीत राहिली आणि मी मैत्रिणींबरोबर नऊ दिवस समुद्रावर. मेलेले जीव खाली उतरत नाहीत. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले. कारण मला माहीत होतं. तरी अहवालात लिहिलं, की खालच्या झाडीच्या विविधतेने मातीतल्या जीवांत फरक पडत नाही. त्यावर विसंबून वनखात्याने त्या जंगलाच्या पहिल्या उतारावरची खालची झाडी साफ केली. वर्षभराने तिथले वनरक्षक म्हणाले, "मॅडम, गेल्या वर्षीचा पाला तसाच पडलाय. कुजवणारं कोणी उरलंच नाही खाली." मी "बघू" म्हणाले.

४. ~~कलम ३ मधला कबुलीजबाब माझ्या मृत्यूनंतर वनखात्याला पाठवावा.~~ रद्द. साक्षीसाठी आलेल्या वनरक्षकांनी हे वाचून पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे तुम्ही शस्त्रक्रियेतून वाचलात, तर कळवायचंच नाही?"

मी कलम ४ पुन्हा वाचलं.

"सोमवारी दुसऱ्या उतारावर कोयते चालणार. तोवर आम्ही काय, तुमच्या मरणाची वाट बघायची?"

कलम ३ ची प्रत आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी वनखात्याला व प्रमुखांना पाठवली. मग वनरक्षकांनी टोपण काढलं.

५. मालमत्तेत नोकरीचा उल्लेख केलेला नाही. ती आता माझ्याकडे आहे असं धरता येत नाही.

ठिकाण : माझी राहती खोली
दिनांक : शस्त्रक्रियेआधीचा मंगळवार

सही : मृत्युपत्र करणारी
साक्षीदार : १. वनरक्षक २. शेजारचे औषधविक्रेते
(दोघांनाही या पत्रान्वये काहीही मिळत नाही.)