शीळ घालणारा इसम

३ सप्टेंबर १९५८. मुक्काम डोळखांबच्या वरचा पाडा.
चौतीस घरांत डीडीटीची फवारणी पूर्ण. महिनाअखेर साहेब रक्त तपासायला येणार. एकही मलेरिया निघाला नाही तर माझी ठाण्याला बदली नक्की. निश्चय: इथे कोणावरही विश्वास ठेवायचा नाही.

५ सप्टेंबर.
औषधाच्या वासाने झोप नाही. माझा स्वयंपाक करणाऱ्या बाईजाकडून माझ्या खोलीच्या भिंती शेणाने सारवून घेतल्या. ती म्हणाली, साहेब, तुमीच बोललाव ना, भिती सारवायच्या नाय, औषध जातं? म्हटलं, तो नियम पाड्यासाठी आहे.

८ सप्टेंबर, सकाळी ७.
तपासणीला निघालो की झाडीतून शीळ. सहा-सात सूर, दर वेळी तेच. आणि पाड्यात पोचतो तो बायकांचे हात शेणाचे. हा इशारा आहे, दुसरं काय. माझं औषध बुजवतात. बाईजा म्हणते, आमी नुसती भुई सारवतो. चोराच्या उलट्या बोंबा. संशय: माझा फवारणीचा पंपवाला धोंडी.

९ सप्टेंबर.
धोंडीला दिवसभर समोर बसवला. त्याच्या तोंडात भाकर असताना शीळ वाजली. म्हणजे साथीदार आहे.

१२ सप्टेंबर.
साथीदार सापडला. चिमणीएवढं पाखरू. गळा पांढरा, शेपटी पंख्यासारखी पसरून फांदीवर नाचतं. धोंडी म्हणतो, नाचण हाय ती. तिला आपलं काय पडलंय, ती मच्छर खाते. वकिली बरी जमते त्याला. पाखरू शिकवलेलं दिसतं. साहेबांना कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट धाडला.

१५ सप्टेंबर, दिवेलागण.
हेर थेट माझ्या खिडकीत. मच्छरांमागे गिरक्या घेण्याचं सोंग. हाकललं. खिडकीला गोणपाट ठोकलं. आत मच्छर पुष्कळ, पण भिंतींना डीडीटी आहे. काळजी नाही.

२६ सप्टेंबर.
थंडी वाजते. दातावर दात आपटतात. बाईजाने चहात काही घातलं असावं. अर्धाच प्यायलो. तिने घोंगडी आणून टाकली. मग उरलेलाही प्यायलो.

२९ सप्टेंबर.
साहेब येऊन गेले. सगळ्यांचं रक्त पाहिलं, भिंती पाहिल्या. चौतीसही घरांत औषध जसंच्या तसं. पाड्यात मलेरिया एकालाच. मला.
साहेबांनी विचारलं, ही खोली कोणी सारवली? बाईजा म्हणाली, मी. कोणी सांगितलं ते बोलली नाही. मीही बोललो नाही. लाज वाटली.
रिपोर्ट परत मिळाला. वर लाल पेन्सिलीत: पाखरू निर्दोष.

३० सप्टेंबर.
धोंडीकडून गोणपाट काढवून घेतलं. सकाळपासून खिडकीकडे तोंड करून पडलोय. नाचण येत नाही.